टॉमच्या तोंडी शब्द घालू नका

टेलकोट घातलेला एक बोका रंगमंचावर येतो, टाळ्या स्वीकारतो, पियानोसमोर बसतो आणि वाजवायला लागतो. डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी वर, चेहऱ्यावर ‘तुम्हाला काय कळणार’ असा भाव. १९४७ च्या ‘द कॅट कॉन्चेर्टो’ या लघुपटात पहिला मिनिटभर एवढंच चालतं. पाठलाग नाही, आदळआपट नाही, उंदराचा तर पत्ताच नाही. हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या आणि वाहिन्यांवर लागणाऱ्या ‘बोलत्या’ टॉम अँड जेरीत अशा जागा मोकळ्या ठेवत नाहीत. टॉमच्या मनातलं टॉम बोलतो, जेरीच्या मनातलं जेरी, आणि दोघं गप्प असतील तर तिसराच कुणीतरी क्रिकेटचं समालोचन केल्यासारखा सुटतो. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून हे केलं जातं, असं सांगतात.

माझं म्हणणं साधं आहे. या जुन्या कार्टूनची सगळी पुंजी वेळेच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब सेकंदाच्या चोविसाव्या भागात मांडलेला आहे. त्यावर शब्द चढवले, मधलं काही कापलं, चौकट छाटली की उरतात ती नुसती हलणारी चित्रं. मुलांना जुनं कार्टून दाखवायचं असेल तर ते आहे तसं दाखवावं. नसेल जमत तर दुसरं काही दाखवावं, कार्टूनांची काही टंचाई नाही.

आधी हिशेब बघू. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. ‘कॅट कॉन्चेर्टो’ पावणेआठ मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे ११ हजारांहून अधिक फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतंच असं नाही. संथ हालचालीला एक चित्र दोन फ्रेम चालतं, झपाट्याच्या हालचालीला मात्र प्रत्येक फ्रेमला वेगळं काढावं लागतं. कोणतं चित्र किती फ्रेम टिकणार हे चित्रं काढण्याआधी कागदावर ठरतं. टॉम अँड जेरी घडवणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीत गोष्ट, प्रसंग आणि मुद्रा बार्बेरांच्या हातात, तर टायमिंग हॅनांच्या. हॅना संगीताच्या कागदासारख्या दिसणाऱ्या बार शीटवर मात्रा मोजत टॉमची पावलं, गचके आणि आपटणं बसवत. १२ फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके होतात, १० फ्रेमला धरला तर १४४, ८ फ्रेमला धरला तर १८०. पाठलागाची लय वाढवायची म्हणजे ठोक्यामागच्या फ्रेम कमी करायच्या. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळीही हॅनांच्याच गळ्यातली.

या हिशेबातला कस कळायला दुसऱ्या स्टुडिओतलं एक उदाहरण जास्त सोयीचं आहे. वॉर्नर ब्रदर्सच्या रोड रनर मालिकेत कायोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी कड्यावरून पडतो. दिग्दर्शक चक जोन्स यांनी या पडण्याचं माप सांगून ठेवलं आहे: खाली जात जात ठिपका होऊन दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, आणि दिसेनासा झाल्यावर धूळ उडायला आणखी १४. पाऊण सेकंद पडणं आणि अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त काहीच नाही. हसू येतं ते त्या ‘काहीच नाही’मध्ये. प्रेक्षक मनातल्या मनात ‘आता... आता...’ म्हणत असतो, आणि दूर तळाशी इवलासा धुरळा उठतो. हे १४ फ्रेम कमी केले की पडणं आणि आपटणं एकमेकांना चिकटतं, मग तो अपघात होतो. फार वाढवले की प्रेक्षकाचं लक्ष निसटतं. टॉम अँड जेरी बनवणाऱ्या एमजीएम स्टुडिओत हॅना-बार्बेरांच्या शेजारच्याच युनिटमध्ये काम करणाऱ्या टेक्स एव्हरींचा हिशेब याहून कडक होता: एखादी गोष्ट पडद्यावरून डोळ्यात आणि डोळ्यातून डोक्यात पोचायला ५ फ्रेम पुरतात. वरून ऐरण पडायची असेल तर ती दिसण्यापासून डोक्यावर आदळेपर्यंत ५ फ्रेम, सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ.

आता याच्यावर शब्द ठेवून बघा. ‘अरे बापरे, मेलो मेलो!’ हे घाईघाईने म्हटलं तरी सव्वा ते दीड सेकंद लागतो, म्हणजे ३० ते ३६ फ्रेम. ५ फ्रेमच्या विनोदावर ३५ फ्रेमचं वाक्य मावणार कुठे? लवकर सुरू केलं तर ते पुढचं फोडून मोकळं होतं. उशिरा सुरू केलं तर पुढच्या विनोदाची तयारी त्याखाली दबते, कारण या चित्रपटांत एक विनोद संपण्याआधी पुढच्याची मांडणी सुरू झालेली असते. डबिंग करणारा कलाकार वाईट असतो असं नाही. त्याला दिलेली जागाच मुळात नाही. रेल्वेच्या डब्यात चौथी सीट मागण्यासारखं आहे हे: तीन जणांना आखडून घ्यावं लागतं आणि चौथ्यालाही धड बसता येत नाही.

आणि आखडतं कोण? संगीत. जुन्या चित्रपटाच्या तयार प्रिंटवर संगीत, आवाज आणि किंकाळ्या एकाच मोनो पट्टीवर मिसळलेल्या असतात. संगीत आणि आवाजांच्या वेगळ्या पट्ट्या हाताशी नसतील तर बोलणं ऐकू यावं म्हणून खालचं सगळंच दाबावं लागतं. आवाजाची चढउतार आवळणारा कॉम्प्रेसर लावला की प्रत्येक वाक्याला संगीत खाली जातं आणि वाक्य संपलं की फुगून वर येतं. नीट कान देऊन ऐकलं तर हा श्वास लागल्यासारखा आवाज लगेच ओळखू येतो. बाकीच्या कार्टूनमध्ये ते खपून जाईल. टॉम अँड जेरीत संगीत हाच संवाद आहे. स्कॉट ब्रॅडली हे हॅना-बार्बेरांच्या जवळजवळ सगळ्या टॉम अँड जेरी लघुपटांचे संगीतकार. १९४४ च्या ‘पटिन ऑन द डॉग’मध्ये त्यांनी बाराही स्वरांना सारखाच मान देणारी बारा-स्वरी पद्धत वापरली, जी तेव्हा मैफलीतल्या श्रोत्यांनाही जड जायची. उंदराच्या करामतीवर ती कुणाला खटकली नाही, कारण प्रत्येक विचित्र स्वराला पडद्यावर एक विचित्र हालचाल होती.

‘कॅट कॉन्चेर्टो’त तर संगीताचाच चित्रपट केला आहे. फ्रान्झ लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २, १८४७ सालची रचना. तिचे दोन भाग आहेत: लसान हा संथ, जड पावलांचा, आणि फ्रिस्का हा उसळणारा. मैफलीला बसणाऱ्या मराठी माणसाला विलंबित आणि द्रुत म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. चित्रपटाची चढण याच बेताने आहे. लसानमध्ये टॉमचा तोरा, पियानोच्या आत झोपलेल्या जेरीची तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांनी केलेली झोपमोड, टॉमने एका बोटाने त्याला टिचकी मारून उडवणं. फ्रिस्कामध्ये मग मारामारी, आणि अट एकच: वाजवणं थांबता कामा नये. या अटीतूनच सगळा विनोद येतो. हात जेरीमागे लागले तर टॉम पायांनी वाजवतो. जेरी हातोड्यांवर नाचून सूर भलत्याच अमेरिकन गाण्याकडे वळवतो, आणि टॉम त्याला हाणून लिस्टकडे परत आणतो. प्रेक्षागृहाला काही कळता कामा नये, अब्रूचा प्रश्न आहे.

चापाचा प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. जेरी पियानोच्या काही पट्ट्या काढतो आणि त्या जागी उंदराचा चाप लावून ठेवतो. टॉम मान वळवून भलतीकडे बघतोय, बोटं आपोआप चालली आहेत. अपेक्षा अशी की पुढच्या स्वरालाच खटका बसेल. बसत नाही. बोटं चापाच्या अलीकडची पट्टी वाजवतात, मग पलीकडची, पुन्हा अलीकडची. स्वरांची ये-जा त्या चापाला ओलांडत राहते, काही सेकंद. बघणारा पहिल्यांदा श्वास रोखतो, मग ‘वाचला बहुतेक’ म्हणून सैलावतो, आणि नेमकं तेव्हा बोट अडकतं. तालाशी खेळणारा तबलजी तिहाईत असंच करतो. सम दिसत असते, तो तिथवर येतो, हूल देतो, पुन्हा फिरतो. फरक एवढाच की इथे समेवर बोट चेचतं. आता या काही सेकंदांत समालोचक म्हणाला, ‘बघा हं, आता टॉमची बोटं गेली!’, तर काय राहिलं? ज्या क्षणी बघणाऱ्याने सैल व्हायचं, त्याच क्षणी त्याला सावध केलं. खटका बसतो तेव्हा तो आधीच वाट बघत असतो.

मग बोलणारी कार्टूनं वाईटच का? अजिबात नाही. पुरावाही याच रचनेत मिळतो. याच लिस्टवर वॉर्नर ब्रदर्सने फ्रिझ फ्रेलेंग यांच्या दिग्दर्शनाखाली ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’ केला, तो नोव्हेंबर १९४६ मध्ये आला. बग्ज बनी पियानोवर आणि पियानोत उंदीर. दोन्ही चित्रपट इतके सारखे की दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. ऑस्कर मिळालं ते टॉमला. बग्जच्या चित्रपटात एक सुरेख बोलकी जागा आहे: वाजवता वाजवता फोन येतो, पलीकडचा फ्रान्झ लिस्टची चौकशी करतो, आणि बग्ज हे नाव कधी ऐकलं नाही म्हणून फोन ठेवतो. हा शब्दांचा विनोद आहे आणि फर्मास आहे. पण त्यासाठी जागा कोरून ठेवली होती. बग्ज मुळात बडबड्या, त्याचं टायमिंग वाक्यांवरच मोजलेलं. शब्द असण्यावर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो शब्दांसाठी जागा न ठेवलेल्या चित्रपटात ते कोंबण्यावर.

विदर्भी, कोल्हापुरी बोलीत टॉम-जेरीला भांडायला लावणाऱ्या क्लिपांबद्दलही तेच. त्यातल्या काही खरंच भारी असतात. पण तिथे मजा बोलीची असते, टॉम फक्त बाहुली. ती वेगळी कला आहे, तिने खुशाल चालावं. बघणाऱ्यालाही ठाऊक असतं की ही नक्कल आहे. वाहिनीवर मुलांना जे मूळ म्हणून दाखवलं जातं त्याची गोष्ट वेगळी आहे.

इथे मराठी घरांचा एक खास मुद्दा येतो आणि त्याची चर्चा कुठे होत नाही याचं नवल वाटतं. मुलं कार्टूनमधून हिंदी उचलतात, आईला ‘मम्मा, मुझे वो चाहिए’ म्हणतात, ही तक्रार जुनी आहे. मराठी डबिंग कमी, हिंदी सगळीकडे. या रेट्यात मूक टॉम अँड जेरी ही एकच जागा अशी होती जिथे कुठलीच भाषा नव्हती. गडचिरोलीतल्या माडिया बोलणाऱ्या पोराला, पुण्यातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलीला आणि वसईतल्या सामवेदी बोलणाऱ्या आजीला तो चित्रपट एकाच वेळी, सारखाच कळतो. भाषांतराची गरजच नसलेल्या गोष्टीचं भाषांतर करायचं, आणि तेही हिंदीत! ‘स्थानिक प्रेक्षकाला जवळचं वाटावं’ हे त्याचं दिलं जाणारं कारण तर महाराष्ट्रात उलटंच लागू पडतं.

चिनी पियानोवादक लांग लांग यांनी सांगितलं आहे की दोन वर्षांचे असताना हाच लघुपट बघून त्यांना पियानो शिकावासा वाटला. दोन वर्षांच्या मुलाला लिस्ट कोण हे माहीत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, आणि कुणी समजावूनही दिलं नव्हतं. टॉमची बोटं जिथे पडतात तिथलेच स्वर निघतात, एवढं दिसायला दोन वर्षांचं वय पुरलं.

जुनं कार्टून आहे तसं दाखवण्यावर आक्षेप येतो तो हिंसेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोट चापात अडकतं, कात्रीने कापायचा प्रयत्न होतो, झाकण हातावर आपटतं. लहान मुलं नक्कल करतात हे खरं. पण स्लॅपस्टिक हा शब्द ज्या वस्तूवरून आला ती बघा. इटलीतल्या जुन्या कोमेदिया देल्लार्ते नाटकमंडळ्यांतले विदूषक दोन चपट्या फळ्या जोडलेलं एक दांडकं वापरत. मारलं की फळ्या एकमेकींवर आपटून मोठा फट् आवाज होई, लागे मात्र जवळजवळ काहीच नाही. आवाज मोठा, इजा नगण्य, हा करार तेव्हापासूनचा. कार्टूनमध्ये तो करार सहसा पाळला जातो: बोट फुगून लाल होतं, पुढच्या शॉटला बरं. रक्त नाही, मरणही क्वचितच. मुलाला हा करार कळतो तो संगीतामुळे, कारण मार बसतो तेव्हा झांज वाजते. संगीत दाबून वर खरीखुरी किंकाळी चढवली की तोच मार जास्त खरा वाटायला लागतो. हिंसेची काळजी असलेल्यांनी डबिंगला आधी विरोध करायला हवा.

कापाकापीचा अनुभव फारसा चांगला नाही. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाच्या तक्रारीनंतर ‘टेक्सास टॉम’ आणि ‘टेनिस चंप्स’ या दोन लघुपटांतली धूम्रपानाची दृश्यं वगळण्याचं वाहिनीने ठरवलं. ‘टेक्सास टॉम’मध्ये टॉम मांजरीवर छाप पाडायला सिगारेट वळतो. तो बढाईखोर आहे आणि त्याचं हसं होणार आहे, हे सांगणारीच ती जागा. धूम्रपानविरोधी पाठ म्हणूनही तीच वापरता आली असती.

वर्णद्वेषाचं प्रकरण मात्र वेगळं आणि त्यात गुळमुळीत बोलू नये. चाळीसच्या दशकातल्या कित्येक भागांत स्फोटानंतर तोंड काळं होऊन येणारे विनोद आहेत, आणि कृष्णवर्णीय मोलकरणीचं ठरीव सोंग आहे. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई पुन्हा चितारण्यात आली. असं करून इतिहास पुसला जातो आणि चित्रपटही धड राहत नाही. सुरुवातीला इशारा देणारी पाटी लावून अखंड चित्रपट मोठ्यांना दाखवावा, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या यादीतून तो भाग पूर्णच वगळावा. मधले तीन सेकंद उडवणं हा सगळ्यात वाईट मार्ग: सुरावट सलग असते, तीन सेकंद गेले की सूर उडी मारतो आणि त्यानंतरची प्रत्येक मात्रा संशयास्पद वाटते.

टॉम आणि जेरी ही पात्रंच लाडकी आहेत, बाकी कशानेही फरक पडत नाही, असं वाटणाऱ्यांनी १९६१-६२ मधले प्रागमध्ये झालेले १३ लघुपट बघावेत. जीन डाइच यांच्या दिग्दर्शनाखाली झालेले. मांजर तेच, उंदीर तोच, मारामारीही आहे. पण हालचाली तुटक, आवाज पोकळ घुमणारे, आणि मार बसल्यावरचा थांबा कुठेतरी हरवलेला. बघताना हसण्यापेक्षा अस्वस्थ व्हायला होतं. त्या मंडळींना हुशारी कमी नव्हती, डाइच यांच्या दुसऱ्याच एका चित्रपटाला ऑस्कर मिळालं होतं. हॅनांचा हिशेब मात्र त्यांच्याकडे नव्हता.

शब्दांशिवायही या हिशेबाची वाट लावणाऱ्या गोष्टी घरात असतात, त्या निस्तरणं आपल्या हातात आहे. नव्या टीव्हीत मोशन स्मूदिंग नावाची सोय आपोआप चालू असते. दर कंपनीत तिचं नाव वेगळं, पण चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ शब्द शोधला की सापडते. ती दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः बनवते. कार्टूनमध्ये वेग दाखवायला मुद्दाम फासून काढलेली एका फ्रेमची चित्रं असतात, त्यांचा त्यामुळे चिखल होतो आणि गचके तेलकट होतात. बंद करा. दुसरं ब्लूटूथ स्पीकर. टीव्हीने भरपाई केली नाही तर आवाज १५० ते २०० मिलिसेकंद मागे पडू शकतो, म्हणजे ४ ते ५ फ्रेम. एव्हरींचा अख्खा विनोद तेवढ्यात होऊन जातो. वायरवाला स्पीकर लावा, नाहीतर टीव्हीचाच आवाज ठेवा.

चौकटीचं गणितही करून बघा. मूळ चित्र १.३७:१ प्रमाणाचं, जवळजवळ चौकोनी. रुंद टीव्ही भरण्यासाठी झूम केलं तर वरखालचा पाव भागाच्या आसपास जातो. मोबाइलच्या उभ्या रीलमध्ये पूर्ण उंची ठेवली तर रुंदीतला जेमतेम ४१ टक्के भाग उरतो. एका टोकाला पियानोवादक आणि दुसऱ्या टोकाला पियानोतून डोकावणारा उंदीर अशी रचना असेल तर दोघांतला एक जण गेलाच. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, त्या कुणाला चावत नाहीत.

वेगाबद्दल थोडी ढिलाई चालते. भारतात दूरचित्रवाणीच्या पॅल पद्धतीत २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने चालवायची रीत होती. त्याने चित्रपट ४ टक्के लवकर संपतो, आणि आवाज दुरुस्त केला नाही तर पाऊण अर्धस्वराच्या आसपास चढतो. लिस्टची सी शार्प मायनर ही पट्टी जवळजवळ डी मायनर ऐकू येते. पट्टी ओळखणारा कान सोडला तर कुणाला कळतही नाही. पण सव्वापट वेगाने टाकलेल्या क्लिपेत कायोटीचे १४ फ्रेम ११ वर येतात, आणि तेवढ्याने काम बिघडतं.

वाचनालयात किंवा शाळेत दाखवायचं असेल तर आठ मिनिटांचा एकच लघुपट दोनदा दाखवा: एकदा पूर्ण, मग चापाचा प्रसंग आवाज बंद करून. दुसऱ्या वेळी मुलं कुठे हसत नाहीत ते बघा.

वाहिन्या आणि ओटीटीवाल्यांकडे मागणी छोटी आहे. रिमोटवरचं भाषेचं बटण दाबलं की हिंदी, तमिळ, तेलुगू अशी यादी येते. डबिंगवर खर्च झाला असेल, ते असू द्या तिथेच. त्या यादीत वर एक ओळ वाढवा, मूळ आवाजाची, आणि चित्रपट सुरू होताना तीच निवडलेली असू द्या. भाषेच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न पडला तर तो कोरा सोडा.